उन्हाचा हिशेब कोण ठेवणार?

होळी पेटली की आपल्या तालुक्यात उन्हाच्या गोष्टी सुरू होतात. 'यंदा लय तापलंय', 'पूर्वी असं ऊन नव्हतं', असे जो तो म्हणतो, खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर टाकतो आणि कामाला लागतो. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर ही बोलणी वाहून जातात. खताच्या गोणींचा, दुधाच्या पैशांचा, सोसायटीच्या कर्जाचा हिशेब आपण ठेवतो. अंगावर घेतलेल्या उन्हाचा हिशेब मात्र कोणीच ठेवत नाही. तो आपले कातडे ठेवते आणि वीस-पंचवीस वर्षांनी बाकी काढून समोर मांडते. आज त्याच हिशेबाविषयी चार शब्द लिहायचे आहेत.

भिवंडी म्हटले की बाहेरच्या माणसाला यंत्रमागाचा खडखडाट आठवतो. अलीकडे राहनाळ, काल्हेर, पूर्णा, माणकोली या पट्ट्यातली गोदामे आठवतात. पण पडघा, अनगाव, अंबाडी, दाभाड, खारबाव, चिंबीपाडा या बाजूला गेलात तर अजूनही माणूस आभाळाखालीच पोट भरतो. फाल्गुन-चैत्रात राब भाजायचा, आषाढात चिखलात वाकून आवणी करायची, आणि भात पिवळे झाले की ऐन ऑक्टोबरच्या चटक्यात कापणीला उभे राहायचे. वीटभट्टीवर दिवाळीनंतर आलेले कातकरी कुटुंब पाऊस पडेपर्यंत उघड्यावरच असते. नवरा-बायको चिखल मळतात, विटा थापतात, आणि पोरे तिथेच खेळतात. गोदामावरचा हमाल आत-बाहेर करतो, पण ट्रक उभा असतो तो उन्हातच. रस्त्यावर डांबर टाकणारी बाई, अंजूरफाट्यावर उभा असलेला वाहतूक पोलीस, मोटारसायकलवरून पार्सल पोचवणारा पोरगा, ही सगळी उन्हाचीच गिऱ्हाइके. यांच्यापैकी किती जणांना कोणी सांगितले आहे की उन्हापासून अंग राखणे हाही कामाचाच भाग आहे?

ताप वेगळा, किरण वेगळे

उन्हाचे दोन मार असतात. एक लगेच कळतो, दुसरा कळतच नाही.

पहिला मार उष्णतेचा. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो माणसे भर उन्हात बसली होती. त्या उन्हाने १४ जणांचा जीव घेतला. ती बातमी आपल्या जिल्ह्यात घरोघरी पोचली आणि उष्माघात हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आला. चक्कर, कोरडी पडलेली जीभ, तापलेले अंग, बरळणे ही त्याची लक्षणे आता पुष्कळांना ठाऊक आहेत.

दुसरा मार अतिनील किरणांचा. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला गरमही लागत नाहीत. वारा सुटला, हवा गार झाली, तरी त्यांचे काम चालूच असते. आभाळात पातळ ढग असले तरी ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली पोचू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे 'आज ऊन नाही' म्हणून आपण उघड्या अंगाने काम करतो, त्या दिवशीही खात्यावर रक्कम पडतच असते. हे किरण कातडीच्या पेशींतल्या गुणसूत्रांना इजा करतात. शरीर ती दुरुस्त करत राहते. पण वर्षानुवर्षे रोज तीच इजा झाली की कुठेतरी दुरुस्ती चुकते आणि पेशी बेबंद वाढू लागते. त्यालाच आपण त्वचेचा कॅन्सर म्हणतो.

फ्रान्समधल्या लिऑन शहरात कॅन्सरवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने १९९२ साली सूर्याच्या किरणांना कॅन्सरच्या पक्क्या कारणांच्या यादीत बसवले. त्याच यादीत तंबाखू आहे. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून एक हिशेब मांडला. मेलानोमा सोडून जे त्वचेचे कॅन्सर आहेत, त्यांनी होणाऱ्या दर तीन मृत्यूंपैकी जवळजवळ एक मृत्यू उन्हात काम केल्यामुळे होतो, असा त्याचा निष्कर्ष. एकट्या २०१९ सालात जगभर असे सुमारे १९ हजार बळी गेले. लक्षात घ्या, समुद्रकिनाऱ्यावर हौसेने अंग शेकत पडणाऱ्यांची ही गोष्ट नव्हे, मजुरी करणाऱ्यांची आहे.

काही जण म्हणतील, हे ओझोनच्या भोकामुळे झाले. ते भोक अंटार्क्टिकावर होते. १९८७ च्या माँट्रियल करारामुळे, ज्यात भारत १९९२ साली सामील झाला, तो थर हळूहळू सावरतो आहे. आपल्याकडचे ऊन आधीपासूनच कडक आहे. विषुववृत्ताच्या जवळच्या प्रदेशात सूर्य डोक्यावर येतो आणि किरण सरळ उतरतात. भिवंडीत १६-१७ मेच्या सुमारास भर दुपारी उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस पुन्हा तसेच होते, पण तेव्हा ढग असल्याने कोणी बघत नाही.

काळ्या कातडीचे कवच आणि त्याची भोके

आता कोणीही विचारील, 'अहो, आमचे आजे-पणजे उघड्या अंगाने नांगर हाकत गेले, त्यांना कुठे झाला कॅन्सर?' प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सरळ द्यायला हवे. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य भरपूर असते आणि ते किरणांना बऱ्याच अंशी अडवते. ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या लोकांत दर तिघांपैकी दोघांना सत्तरी गाठेपर्यंत कुठला ना कुठला त्वचेचा कॅन्सर निघतो. आपल्या देशात सगळ्या कॅन्सरच्या रुग्णांत त्वचेचे रुग्ण ढोबळमानाने शंभरात एक-दोनच. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर कितीतरी जास्त आहे आणि त्याचे कारण तंबाखूची पुडी आपल्याच खिशात असते. तेव्हा उगाच घाबरवण्याचा हेतू नाही.

पण कवच आहे म्हणजे अभेद्य आहे असे नव्हे. ज्यांच्या अंगात जन्मतः रंगच नसतो, केस पांढरे, कातडी गुलाबी आणि डोळे उजेडाने दिपतात, अशी मुले आपल्या गावांतही असतात. त्यांना हे कवच मुळातच नाही. त्यांना लहानपणापासून उन्हापासून सांभाळले नाही तर ऐन तारुण्यात कॅन्सर होऊ शकतो. अशा मुलाला शेतात राखणीला बसवू नये, शाळेत खिडकीपासून दूर बसवावे, आणि पूर्ण बाह्यांचे कपडे, मोठी टोपी व चष्मा द्यावा. कोड असलेल्यांचे पांढरे चट्टे उन्हात लवकर भाजतात. त्यांनीही ते झाकावेत. कोड म्हणजे कॅन्सर नव्हे, कुष्ठरोगही नव्हे, हे पुन्हा एकदा सांगून ठेवतो.

ऊन डोळ्यांनाही सोडत नाही. उन्हातान्हात आणि धुळीत राबणाऱ्यांच्या बुबुळावर नाकाकडच्या कडेने मांस चढते, ते पुष्कळांनी पाहिले असेल. मोतीबिंदूलाही ऊन हातभार लावते. खालच्या ओठावर ऊन सरळ पडते. त्यात विडी आणि तंबाखू असेल तर विचारायलाच नको.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पुराच्या पाण्यात उतरलेल्यांना लेप्टो होऊ नये म्हणून आरोग्य खात्याकडून डॉक्सीसायक्लिनची गोळी मिळते. ती जरूर घ्यावी. पण ती घेतल्यावर कातडी उन्हाला हळवी होते, म्हणून त्या काळात अंग झाकावे. गाजरगवताचेही तसेच. १९५० च्या दशकात पुण्याकडे दिसलेले हे तण आता प्रत्येक बांधावर आहे. त्याने अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात आणि ऊन लागले की ते आणखी चिडतात. मान, चेहरा आणि हात सतत काळवंडून जाड झाले असतील तर नुसते 'उन्हाने काळा पडलो' म्हणून सोडून देऊ नका.

आपला कॅन्सर लपतो कुठे?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गोऱ्या माणसाचा त्वचेचा कॅन्सर नाकावर, कानावर आणि मानेवर दिसतो, कारण तिथे ऊन पडते. आपल्याकडेही तिथे होतो. पण सावळ्या माणसांत तो बरेचदा भलत्याच जागी निघतो, जिथे आपण कधी बघतच नाही. परदेशी माहितीपत्रकांची नुसती भाषांतरे करून आपल्या खेड्यांत भागणार नाही, ते याचसाठी.

पहिली जागा कंबर. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले मोठे संशोधक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली सहकाऱ्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. चालीरीतींमुळे होणारे कॅन्सर हा त्याचा विषय. त्यात त्यांनी धोतराच्या कॅन्सरची नोंद केली. वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून बांधलेले धोतर, त्याखाली घाम, घासणे, काळा पट्टा, मग जखम आणि तीच जखम पुढे कॅन्सर. धोतर गेले, पण साडी आहे. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायांची हकिगत वैद्यकीय मासिकात छापली. दोघींच्या कमरेवर परकराच्या नाडीच्या जागी जखम झाली होती आणि दीड-दोन वर्षे ती भरली नव्हती. तपासल्यावर कॅन्सर निघाला. सुरुवातीला ते साडीचे दुखणे समजले जाई, पण खरा गुन्हा नाडीचा. आपल्या आगरी, कुणबी, वारली बाया लुगडे घट्ट नेसून दिवसभर वाकून काम करतात. नाडी सुटू नये म्हणून ती आवळलेली असते. वाचकहो, आपल्या आईच्या कमरेवर तो काळा वळ असतो की नाही, ते आठवून बघा. उपाय फुकटचा आहे. बारीक नाडीऐवजी बोट-दोन बोटे रुंद पट्टी लावावी, घरी आल्यावर सैल करावी, आणि रोज तीच जागा आवळू नये.

दुसरी जागा जुने भाजलेले व्रण. काश्मिरात थंडीसाठी अंगरख्याखाली निखाऱ्यांची कांगडी धरतात. तिच्या आचेने पोटावर आणि मांड्यांवर कॅन्सर होतो, ही वैद्यकशास्त्रातली जुनी आणि प्रसिद्ध गोष्ट. आपल्याकडे कांगडी नाही, पण राब आहे, वीटभट्टी आहे, चूल आहे, लग्नातल्या मोठ्या भट्ट्या आहेत. पोटदुखीसाठी डाग द्यायची आणि सांधेदुखीसाठी बिब्बा घालायची अघोरी रीत अजून काही घरांत उरली आहे. भाजल्याचा व्रण वर्षानुवर्षे ताणला जातो, फुटतो, भरतो आणि पुन्हा फुटतो. अशा व्रणात दहा, वीस, तीस वर्षांनंतरही कॅन्सर उद्भवू शकतो. सापाने चावलेल्या पायाची, अपघाताची किंवा कुष्ठरोगाची न भरलेली जुनी जखमही त्यातच धरा.

तिसरी जागा तळपाय. मेलानोमा हा त्वचेच्या कॅन्सरांतला सर्वांत घातक प्रकार. सावळ्या-काळ्या लोकांत तो बहुतेक वेळा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो. याचा उन्हाशी फारसा संबंध नाही, म्हणून नुसती टोपी घालून तो टळत नाही. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले याला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला आणि १९८१ साली अवघ्या ३६ व्या वर्षी तो गेला. आता आपल्या शेतकऱ्याचा पाय डोळ्यांसमोर आणा. पावसात चिखल्या, उन्हाळ्यात भेगा, काट्यांचे कुरूप. त्या गर्दीत एखादा काळा डाग वाढला तर कोणाच्या लक्षात येणार? आणि आलाच तर कुरूप समजून तो ब्लेडने तासायचा, वर चुना नाहीतर तंबाखू दाबायची, ही आपली रीत.

म्हणून आंघोळीच्या वेळी महिन्यातून एकदा तरी अंग नीट बघा. नवऱ्याने बायकोचे, सुनेने सासूचे तळपाय बघायला लाजू नये. चार आठवडे उलटूनही न भरणारी जखम. हात लागला की रक्त येणारी गाठ. कडा उचललेला व्रण. आकार किंवा रंग बदलणारा, वेडावाकडा पसरणारा तीळ. मार लागलेला नसताना नखाखाली उमटलेली काळी रेघ, आणि जखमेबरोबर जांघेत किंवा काखेत आलेली गाठ. यातले काहीही दिसले तर पाहुणे गेल्यावर, भात विकल्यावर, पोरीचे लग्न झाल्यावर असे करू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात किंवा ठाण्याला पाठवतील, गरज पडली तर पुढे परळला. कॅन्सरवरच्या पुष्कळ उपचारांचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा.

डॉक्टर तुकडा काढून तपासायला सांगतील. इथे आपला माणूस पळतो. 'चाकू लागला की कॅन्सर पसरतो' ही समजूत फार खोलवर रुजली आहे. ती खोटी आहे. तुकडा तपासल्याशिवाय रोग ठरत नाही आणि रोग ठरल्याशिवाय इलाज होत नाही. वेळेत गेलेल्या माणसाची जखम कापून टाकली की बहुतेकदा काम भागते. उशिरा गेलेल्याचा पाय जातो, कधी जीवही जातो. त्वचेचा कॅन्सर अंगाच्या वरच असतो, डोळ्यांना दिसतो. तरीही तो उशिरा सापडावा यासारखे दुर्दैव नाही.

घड्याळ, सावली, कापड

आता उन्हाकडे परत येऊ. उपाय तीन आहेत आणि तिघांनाही दुकानात जावे लागत नाही.

पहिले घड्याळ. दिवसभरातल्या अतिनील किरणांपैकी सुमारे ६० टक्के मध्यान्हाच्या आजूबाजूच्या चार तासांत पडतात. पुस्तकात ही वेळ १० ते २ अशी देतात. पण आपले घड्याळ अलाहाबादजवळच्या रेषेवर लावलेले आहे आणि आपण पश्चिमेला आहोत. भिवंडीत सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास. म्हणून आपल्यासाठी जपायची वेळ साडेदहा ते अडीच. ज्याच्याकडे घड्याळ नाही त्याने सावली बघावी. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक समजा आणि झाका. मोबाइलवर हवामान बघत असाल तर 'यूव्ही इंडेक्स' नावाचा आकडा असतो. तीनच्या पुढे गेला की अंग झाकायचे, आठच्या पुढे गेला की शक्यतो सावलीत थांबायचे. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी तो दहाच्या पुढे जातो.

दुसरी सावली. बांधावरचे आंब्याचे, करंजाचे झाड तोडताना हा विचार करा की ते दुपारचे छप्पर आहे. खळ्यावर, भट्टीवर जुन्या ताडपत्रीचा मांडव चार बांबूंवर उभा राहतो.

तिसरे कापड, आणि इथे आपल्याला बोलण्याचा अधिकार आहे. ज्या गावाच्या मागांवर दिवसाला लाखो मीटर कापड निघते, त्या गावाच्या मजुराचे अंग उघडे असावे, ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे काय? कापड उजेडासमोर धरून बघा. आरपार भक्क दिसले तर किरणही तसेच आत येणार. घट्ट विणीचे, जरा जाड, गडद रंगाचे कापड जास्त अडवते. झिरझिरीत पांढरे सुती कापड कमी अडवते आणि घामाने भिजले की आणखी कमी. ऑस्ट्रेलियाने १९९६ सालापासून कपड्यांना ऊन अडवण्याचे अधिकृत माप लावले. भिवंडीच्या यंत्रमागधारकांनी शेतमजुरांसाठी हवेशीर पण घट्ट विणीचे कापड विणून बघितले तर धंदाही होईल आणि पुण्यही लागेल.

डोक्याचे बोलायचे तर गांधी टोपी मान आणि कान झाकत नाही. तिच्याखाली उपरणे किंवा टॉवेल मानेवर सोडावा. चारी बाजूंनी चार बोटे काठ असलेली टोपी सर्वांत चांगली. पावसात आपण इरले घेत होतोच, मग उन्हात का नको? शेतावरच्या आपल्या बायांनी मात्र हा शोध केव्हाच लावला आहे. साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवायचा, डोक्याला फडके बांधायचे आणि कामाला लागायचे. डॉक्टर सांगतील त्यापेक्षा हे वेगळे काही नाही. स्कूटरवर ओढणी आणि सनकोट घालून जाणाऱ्या पोरींना पाहून पारावरची मंडळी 'काळी पडायला नको ना' म्हणून हसतात. हसू नका, त्या शहाण्या आहेत. आपली चूक एवढीच की पोरीला 'उन्हात काळी पडशील' म्हणून अडवतो आणि पोराला 'मर्द आहेस, सोस' म्हणून उन्हात पाठवतो. दोन्ही कारणे खोटी. रंगाचा प्रश्न नाही, कातडी शाबूत राहण्याचा आहे.

क्रीमविषयी थोडे. सनस्क्रीन खरे असते, पण ते भरपूर लावावे लागते आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. दिवसभर घामाने निथळणाऱ्या मजुराला ते परवडणार नाही आणि टिकणार नाही. ज्यांना परवडते त्यांनी चेहरा, कान, मान आणि हातांच्या पाठीवर लावावे. ज्यांना परवडत नाही त्यांनी खंत करू नये. आधी कापड, मग क्रीम. खोबरेल तेलाच्या भरवशावर मात्र राहू नका. आणि गोरेपणाच्या क्रीमला ऊन अडवणारे क्रीम समजू नका. वांग जावा म्हणून टपरीवरून, मेडिकलमधून कोणी सांगितलेली ट्यूब आणतात. तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असते. कातडी पातळ होते आणि ऊन आणखी बाधते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. तरी चिठ्ठी कोण विचारतो?

'मग व्हिटॅमिन डी चे काय?' असेही विचारतील. शेतात राबणाऱ्याला ते चालता-बोलता मिळते. ज्याला खरोखर ऊन हवे तो मागावर बारा-बारा तास बंद शेडमध्ये उभा असलेला कामगार आणि घराबाहेर न पडणारी बाई. त्यांनी अधूनमधून थोडा वेळ हातापायावर ऊन घ्यावे. त्यासाठी भर दुपारी भाजून घ्यायची गरज नाही.

एकट्या मजुराची ही गोष्ट नव्हे

एवढे सगळे सांगून जबाबदारी पुन्हा मजुरावरच टाकली तर ते ढोंग होईल. ज्याचा रोज हजेरीवर ठरतो, त्याला 'साडेदहा ते अडीच सावलीत बसा' म्हणणे सोपे आहे. त्याची चूल कोण पेटवणार? वीटभट्टीवर ज्याने उचल घेतली आहे, तो मालकाला काय सांगणार? घड्याळ मजुराच्या हातात नसते, मुकादमाच्या हातात असते.

म्हणून मागणे मालकांकडे, ठेकेदारांकडे आणि पंचायतीकडे आहे. मार्च ते मे आणि कापणीच्या दिवसांत काम पहाटे सुरू करून दुपारी मोठी सुट्टी द्यावी. एक ते दोनची तासाभराची सुट्टी पुरेशी नाही, कारण तोवर सर्वांत कडक ऊन अंगावर घेऊन झालेले असते. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी, विसाव्याला सावली आणि प्रथमोपचाराची पेटी यांची तरतूद केली होती. सरकारी कामावर जे द्यायचे ठरले, ते खासगी भट्टीवर आणि गोदामावर द्यायला कोणी अडवले आहे? कोट्यवधींचे गोदाम बांधणाऱ्याला ट्रक लागतो त्या जागेवर पत्र्याची एक शेड जड नाही. ठेकेदाराने वर्षाला मजुरामागे दोन फुलबाह्यांचे शर्ट आणि एक काठाची टोपी दिली तर त्याचा नफा बुडत नाही. हेल्मेट जसे कामाचे साहित्य, तशी टोपीही कामाचे साहित्य.

अहमदाबादमध्ये मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत शेकडो माणसे गेली. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. दवाखाने, शाळा, कामगार सगळे त्यात धरले. शहराला जमते ते गावाला का जमू नये? आशाताई घरोघरी जाते, रक्तदाबाचे आणि साखरेचे विचारते. तिने 'पाय दाखवा, कंबर दाखवा, जुना व्रण दाखवा' एवढे विचारले तरी कितीतरी जखमा वेळेत सापडतील.

ऑस्ट्रेलियाने १९८१ साली एक साधे गाणे करून पोरांना शिकवले, सदरा चढव, मलम लाव, टोपी घाल. एक पिढी त्यावर वाढली. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मधल्या सुट्टीत मैदानावर पोरांच्या डोक्यावर टोपी दिसली, दुपारची कवायत सकाळी घेतली, तर आपलीही पिढी घडेल. उन्हाचा साठा लहानपणापासूनच जमू लागतो.

१ मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरते. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच दिवशी आणि तोही ऐन उन्हाचा. यंदा त्या सभेत दोन ठराव मांडा. पहिला, गावाच्या हद्दीतल्या प्रत्येक भट्टीवर, गोदामावर आणि रस्त्याच्या कामावर सावली, पाणी आणि दुपारची सुट्टी. दुसरा, वर्षातून एकदा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून न भरणाऱ्या जखमांची तपासणी. रस्त्याचे, गटाराचे, समाजमंदिराचे विषय येतीलच. त्यांच्या आधी हे दोन घ्या. आणि सभा झाडाखाली भरवा, सकाळी नऊच्या आत.